पुढें काय करावयाचें?

जून महिना आला कीं सुशिक्षितांच्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकूं येतो. पूर्वीं मॅट्रिकचा निकाल लागे, आतां दहावीचा व बारावीचा लागतो. परंतु निकालाचे पेढे वाटून झाल्यावर मुलाला समोर बसवून जो प्रश्न विचारण्यांत येतो, त्यांत एका अक्षराचाही फरक पडलेला नाहीं. 'मग, पुढें काय करावयाचें ठरविलें आहे?' विचारणारे काका असतात, मामा असतात, क्वचित् वरच्या मजल्यावरचे पेन्शनर असतात. ज्याला विचारावयाचें तो मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. जगांत चालणाऱ्या शेंकडों उद्योगांपैकीं चार-पांचांचीं नांवें त्यानें ऐकलेलीं असतात, आणि त्यांपैकीं एकाचीही चव त्यानें घेतलेली नसते. तो क्षणभर आईकडे पाहतो आणि त्या वर्षीं जें नांव सर्वांच्या तोंडीं असेल तें सांगून मोकळा होतो. काकांचें समाधान होतें व विषय तेथेंच मिटतो.

शाळामास्तरांचा वर्गही या बाबतींत निर्दोष म्हणतां येणार नाहीं. 'मी मोठेपणीं कोण होणार' हा निबंध पिढ्यान् पिढ्या मुलांकडून लिहून घेण्यांत येतो. एकेका वर्गांतून डॉक्टर निघतात, सैनिक निघतात, दोन-चार शिक्षकही निघतात. हे शेवटचे बहुधा वही तपासणाऱ्याचें मन राखण्यासाठीं. पुढच्या वर्षीं तेंच पीक पुन्हां येतें.

खरा प्रश्न उभा राहतो तो यानंतर दहा-बारा वर्षांनीं. त्या वेळीं विचारणारा कोणी बाहेरचा नसतो. शिक्षण संपलेलें असतें, नोकरी लागलेली असते, लग्न होऊन एखादें मूल झालेलें असतें. आणि रात्रीं निजानीज झाल्यावर मनुष्य छताकडे पाहत स्वतःलाच विचारतो कीं, आयुष्यभर हेंच करावयाचें काय? सोळाव्या वर्षींच्या प्रश्नाला तोंडांत पेढा असतांना उत्तर देतां आलें होतें. या प्रश्नाला देतां येत नाहीं. कोणापाशीं मन उघडें करावें, तर 'सर्व कांहीं चांगलें चाललें आहे, मग खुपतें काय?' असें ऐकावें लागतें. तेव्हां तो गप्प बसतो, आणि सोळाव्या वर्षीं आपली निवड चुकली अशी गांठ मनाशीं बांधून दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामावर जातो.

या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, जीवितकार्य ही आधीं मनांत ठरविण्याची व मग आचरण्याची गोष्ट आहे. पत्ता खिशांत घालून घर शोधावयास निघावें, तशी. पत्ता नीट लिहून घेतला नसेल तर जन्मभर गल्ल्या धुंडाळाव्या लागणार! ज्यांचें कार्य सर्वमान्य आहे अशा माणसांच्या आयुष्यांत ही समजूत कितपत टिकते, हें एकदां पाहण्यासारखें आहे. मात्र त्यासाठीं चरित्रें थोडीं जपून वाचलीं पाहिजेत. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो, आणि म्हणून बाळपणींच्या गोट्यांच्या खेळांतही त्याला पुढील थोरवीचीं चिन्हें दिसूं लागतात. तीं चिन्हें बाजूस सारून नुसतीं सालें व नोकऱ्या क्रमानें लिहून काढल्या, तर निराळेंच चित्र दिसतें.

१८८५ च्या सुमारास मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दोन मराठी मुलांनीं नांव घातलें. एक बेळगांवकडचा लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, दुसरा त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, धुंडिराजांचा १८७० चा. दोघांनाही चित्रकलेची ओढ होती; म्हणजे काकांच्या प्रश्नाचें उत्तर दोघांपाशीं तयार होतें. पुढें महाराष्ट्रानें दोघांचींही नांवें डोक्यावर घेतलीं, परंतु चित्रकार म्हणून नव्हेत.

लक्ष्मणरावांचा मार्ग दोन वर्षांतच खुंटला. त्यांच्या दृष्टींत कांहीं अंशीं रंगांधळेपणा असल्याचें आढळून आलें. चित्रकाराला रंग ओळखतां न येणें म्हणजे गवयाला सूर ओळखतां न येण्यासारखें आहे. एखादा मुलगा कपाळाला हात लावून गांवीं परतला असता, आणि घरच्यांनीं त्याच्या नशिबाला बोल लावून त्यास कोठें तरी चिकटवून दिलें असतें. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, पण रेघ सोडली नाहीं. यंत्रांचीं रेखाचित्रें काढावयास रंग लागत नाहींत. माप, नजर आणि स्थिर हात लागतो. ती विद्या शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. शिकवावयाचें तें कागदावर. परंतु यंत्रें जवळच होतीं, आणि रिकाम्या वेळीं त्यांच्याशीं झटापट करतां करतां यंत्रविद्या त्यांच्या अंगीं मुरली. मध्यंतरीं सायकल हें नवें वाहन त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि १८८८ सालीं भावाच्या साहाय्यानें बेळगांवीं सायकलींचें दुकान निघालें. पुढें नोकरींत बढतीची वेळ आली तेव्हां त्यांना डावलण्यांत आलें. त्यांनीं राजीनामा दिला व बेळगांव गांठलें.

यानंतरचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. तो लांबविण्याचें कारण नाहीं. कडबा कापण्याचें यंत्र झालें, लोखंडी नांगर झाला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला, आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. योगायोग असा कीं, हा माळ देणारे संस्थानिक स्वतः चित्रकार होते! लक्ष्मणरावांच्या आयुष्याला जीं दोन मोठीं वळणें मिळालीं, त्यांतलें एकही त्यांनीं स्वतः ठरवून घेतलेलें नाहीं. एक डोळ्यांनीं दिलेला नकार, दुसरा वरिष्ठांनीं दिलेला. नकार मिळाल्यावर आपल्या हातांत काय उरलें आहे, एवढेंच त्यांनीं दोन्ही वेळां पाहिलें.

धुंडिराज फाळक्यांची कथा याहून लांबची आणि अधिक अडचणीची आहे. त्यांना नकार मिळाला नाहीं. मिळाल्या त्या वाटाच वाटा. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे विद्वान्. मुलगा कलाशाळेंतून बाहेर पडला तो बडोद्यास कलाभवनांत गेला. तेथें तैलचित्रें, जलरंग, मूर्ति घडविणें, वास्तुरचना, यांत हात फिरला. १८९० च्या सुमारास कॅमेरा हातीं आला आणि छायाचित्रणाचा नाद लागला. १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल सुवर्णपदक मिळालें. रतलामला जाऊन ठसे तयार करण्याची व छपाईची विद्या घेतली. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. मग गोध्य्रास छायाचित्रकाराचें दुकान थाटलें. तेथें १९०० च्या सुमारास प्लेगची सांथ आली आणि पत्नी व मूल दोन्ही गेलीं.

तीस वर्षांचा तो विधुर बडोद्यास परत आला. तेथें छायाचित्रणाचा धंदा चालेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगांतली शक्ति शोषून घेतो असा लोकांत बोभाटा झाला होता. याच काळांत एका परदेशी जादूगाराशीं ओळख होऊन त्यांनीं हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले. पुढें स्वतःचें आडनांव उलटें करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें ते प्रयोगही करीत. १९०२ सालीं दुसरा विवाह झाला. १९०३ सालीं सरकारी पुराणवस्तुखात्यांत छायाचित्रकार व नक्शानवीस म्हणून नोकरी लागली. नातलगांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. परंतु वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उठली, आणि १९०६ सालीं तीही नोकरी सुटली. लोणावळ्यास छापखाना निघाला. तो मुंबईस आला. भांडवलवाले भागीदार मिळाले. १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यासाठीं जर्मनीची सफर झाली. छपाईला नांव मिळूं लागलें. आणि मग भागीदारांशीं बिनसलें व फाळके छापखान्यांतून बाहेर पडले. हातांत कांहीं न घेतां बाहेर पडले.

१९१० सालीं धुंडिराज फाळके चाळीस वर्षांचे झाले होते, आणि जवळच्या माणसांना ते कसे दिसत असतील याची कल्पना करणें अवघड नाहीं. चित्रकला झाली, छायाचित्रें झालीं, जादू झाली, सरकारी नोकरी झाली, छापखाना झाला. एक धंदा धड नाहीं. आपल्याकडे अशा गृहस्थास 'धरसोडीचा' म्हणतात, आणि सोयरिकीच्या वेळीं त्याचें नांव हळू आवाजांत घेतात. त्या सालापुरता हिशेब केला तर नातलगांचें म्हणणें चूक ठरविण्यासारखा एकही पुरावा फाळक्यांपाशीं नव्हता.

त्यानंतर लौकरच गिरगांवांतील एका तंबूंत त्यांनीं ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिलें. पडद्यावर ख्रिस्त हालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढें श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र दिसूं लागले, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. जणूं वीज पडावी तसा त्या एका संध्याकाळीं साक्षात्कार झाला. परंतु त्या तंबूंत त्या दिवशीं शेंकडों लोक बसले होते. ख्रिस्त सर्वांनींच पाहिला. बाकीचे घरीं जाऊन जेवले व निजले, आणि एकाला मात्र रात्रभर झोंप आली नाहीं, याचें कारण त्या पडद्यावर नव्हतें. चलच्चित्र कशाचें बनतें? त्याला छायाचित्रण लागतें, रसायनें लागतात, रंगविलेले पडदे लागतात, वेषभूषा व नाट्य लागतें, नजरबंदीच्या युक्त्या लागतात, यंत्र उघडून पुन्हां जोडण्याची हातोटी लागते. वीस-पंचवीस वर्षें ज्याला लोक धरसोड म्हणत होते, तिच्यांतील एकही तुकडा येथें वायां जाणार नव्हता. १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांत लिहितांना फाळक्यांनीं हाच हिशेब मांडला आहे: अंगीं असलेल्या या निरनिराळ्या कलांच्या बळावरच हा धंदा आपण उभारूं शकूं असा भरंवसा त्यांना वाटला.

येथें एक गोष्ट नजरेंतून सुटूं नये. अभ्यासक्रम तीनदां बदलून तिन्ही अर्धवट टाकणारा मुलगाही फाळक्यांचें नांव पुढें करूं शकेल. त्याला फाळक्यांचें सोडणें दिसतें, शिकणें दिसत नाहीं. त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा सोडला तो छायाचित्रण येऊं लागल्यावर; छापखाना सोडला तो छपाईंत नांव झाल्यावर. धंदे त्यांनीं एकामागून एक टाकले, पण आलेला हुन्नर एकही टाकला नाहीं. धरसोड आणि शोध यांतला भेद बाहेरून दिसत नाहीं, हीच मोठी पंचाईत आहे. बापाला तो दिसत नाहीं आणि पुष्कळदां मुलालाही दिसत नाहीं. मात्र 'काय ठरविलेंस?' याऐवजीं 'या वर्षीं हाताला काय येऊं लागलें?' असें विचारलें, तर कांहींसा अंदाज लागूं शकतो.

पुढची हकीकत डोळे उघडे ठेवून वाचण्यासारखी आहे. फाळके रोज चार-पांच तास चलच्चित्रें पाहूं लागले, उरलेला वेळ घरीं प्रयोग करूं लागले. डोळ्यांवर ताण पडला. विश्रांति घेण्याचा सल्ला त्यांनीं मानला नाहीं, आणि एक वेळ अशी आली कीं दोन्ही डोळ्यांनीं दिसेनासें झालें. किर्लोस्करांच्या डोळ्यांनीं त्यांना चित्रकलेपासून परतविलें. फाळक्यांचे डोळे त्यांना परतवूं पाहत होते आणि ते परतावयास तयार नव्हते. डॉक्टरांच्या उपचारांनीं दृष्टि परत आली. मग त्यांनीं आयुष्याचा विमा गहाण टाकून कर्ज उभारलें आणि १९१२ च्या फेब्रुवारींत लंडनचा रस्ता धरला. तेथील 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाची त्यांनीं भेट घेतली; त्यांच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत कामाची रीत पाहतां आली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोंकें पाडण्याचें व चित्रें छापण्याचें यंत्र यांची खरेदी झाली आणि एप्रिलमध्यें फाळके मुंबईस परतले.

यानंतर त्यांनीं काय केलें हें फार महत्त्वाचें आहे, आणि तेंच बहुधा वगळलें जातें. त्यांनीं लगेच राजवाडे व दरबार उभारले नाहींत. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून रोज थोडें थोडें चित्र घेतलें, आणि रोप कसें उगवतें, वाढतें, हें पडद्यावर क्षणभरांत दाखविलें. 'अंकुराची वाढ' या नांवाचें तें लहानसें चित्र त्यांनीं निवडक मंडळींस दाखवून भांडवल मागितलें. एक कुंडी, मूठभर वाटाणे आणि बरेच दिवस धीर. एवढ्या खर्चांत आपल्याला हें काम येतें कीं नाहीं याची परीक्षा झाली. चाळीशीच्या पुढें संसारी मनुष्यानें सर्वस्व पणाला लावणें शहाणपणाचें कीं काय, यावर दुमत होईल. पण पणाला लावण्याआधीं त्यानें कुंडींत वाटाणा पेरून पाहिला होता, हें विसरतां येत नाहीं.

यानंतर 'राजा हरिश्चंद्र' तयार झालें व ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आलें. तारामतीचें काम करावयास स्त्री मिळेना, तेव्हां साळुंके नांवाच्या आचाऱ्याला लुगडें नेसविण्यांत आलें. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. या गमतीच्या गोष्टी आहेत. गमतीची नसलेली गोष्ट अशी कीं, या साऱ्याची किंमत ज्यांनीं दिली त्यांना कोणी 'पुढें काय करावयाचें ठरविलें आहे?' असें कधींच विचारलें नव्हतें.

सरस्वतीबाई फाळके वयानें पतीहून पुष्कळच लहान. दादरच्या त्या घरांत त्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत, आणि रात्रीं मुलें निजलीं म्हणजे अंधाऱ्या खोलींत बसून कोऱ्या फिल्मला दोन्ही कडांस भोंकें पाडीत. फिल्म उजेडांत उघडतां येत नसल्यामुळें हें काम अंधारांत चांचपत करावें लागे. अंगावरचे दागिने कर्जापायीं गेले. पति आंधळा होतो कीं काय अशा दिवसांत घर त्यांनींच सांभाळलें. हिंदी चित्रपटाचा पाया घालणारांत त्यांचें नांव आज घेतलें जातें, तें योग्यच आहे. तरीसुद्धां असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं कीं, हरिश्चंद्र पडला असता तर? मग हीच गोष्ट कुटुंबांत दुसऱ्या रीतीनें सांगितली गेली असती. विमा गेला, दागिने गेले, डोळे जातां जातां राहिले, आणि बायकोला रात्र रात्र जागविलें. कृति तीच, यशानें तिला धाडस म्हटलें, अपयशानें बेजबाबदारपणा म्हटलें असतें. मनासारखें कार्य शोधावयास निघणारानें आपल्याबरोबर आणखी कोणाला उन्हांत उभें केलें आहे, हें एकदां मागें वळून पाहिलें पाहिजे. आणि त्यांची संमति खरोखर घेतली कीं गृहीत धरली, हेंही.

कार्य सांपडलें म्हणून फाळक्यांचा प्रश्न कायमचा सुटला असेंही झालें नाहीं. कारखाना नाशिकला गेला, १९१७ च्या 'लंकादहना'नें अमाप यश दिलें, १९१८ सालीं भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि भागीदारांशीं पुन्हां बिनसलें. पन्नाशीच्या उंबरठ्यावर फाळके सर्व सोडून काशीस गेले; तेथें 'रंगभूमि' हें नाटक लिहिलें. १९२२ च्या सुमारास परत आले. तोंवर दुसरे पुष्कळ जण या धंद्यांत उतरले होते, आणि थोड्या वर्षांनीं चित्रें बोलूं लागलीं. मूकपटाचा तो कसबी बोलपटांत रमला नाहीं. १९३७ सालचें 'गंगावतरण' हा त्यांनीं दिग्दर्शित केलेला एकच बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें, बऱ्याच विपन्नावस्थेंत, त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचें राष्ट्रीय पारितोषिक १९६९ सालीं सुरू झालें.

हें सर्व ऐकून एखादा संसारी गृहस्थ म्हणेल कीं, ज्याच्या पगारावर पांच माणसें जेवतात त्याला विमा गहाण टाकून विलायतेस कसें जातां येईल? त्याचें म्हणणें खोटें नाहीं. फाळक्यांची वाट ही एकच वाट असती तर बहुतेकांनीं छताकडे पाहत पडून राहणेंच बरें. परंतु तेवीस वर्षें एकाच महाविद्यालयांत एकच विषय शिकवून जीवितकार्य हातीं लागल्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा; बाळपण दापोलीजवळच्या मुरुडास गेलें. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं ते सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यापर्यंत, घाट चढून, शंभरावर मैल पायीं गेले, आणि तेथें दिसण्यांत वय लहान म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मॅट्रिक होईतों तेविसावें वर्ष लागलें. १८८४ सालीं ते बी. ए. झाले. पुढें मुंबईंत गणित शिकवून संसार चालविला. १८९१ सालीं पहिली पत्नी वारली. त्याच वर्षीं गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. वय तेहेतीस. या वयापर्यंत त्यांच्या आयुष्यांत पुढें स्त्रीशिक्षणाचा इतिहास घडेल असें सांगणारें कांहीं शोधूं म्हटलें तर मोठ्या कष्टानें सांपडेल.

१८९३ सालीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील एका विधवेशीं विवाह केला. विधवाविवाह योग्य आहे असें त्या काळीं म्हणणारे पुष्कळ होते. स्वतःवर वेळ आल्यावर कुमारिकाच पत्करीत. कर्व्यांनीं बोलल्याप्रमाणें केलें, इतकेंच. मुरुडकरांनीं बहिष्कार घातला. गांवीं गेल्यावर स्वतःच्या घरांत राहण्याची सोय उरली नाहीं. या एका घरगुती निर्णयानें विधवांचा प्रश्न त्यांच्या दारांत येऊन बसला, आणि मग एकेक करून पुढचें सुचत गेलें. विधवाविवाहासाठीं मंडळी काढली. काम करतां करतां असें दिसून आलें कीं, विवाहाआधीं शिक्षण पाहिजे. म्हणून १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम. पुण्यांत वस्ती करणें अडचणीचें झालें, म्हणून १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर झोपडी. दिवसा कॉलेजांत गणित, आणि तें आटोपलें कीं हिंगण्याची पायपीट. नोकरी त्यांनीं सोडली नाहीं. ती त्यांनीं १९१४ पर्यंत नियमानें केली. पगारानें घर चाललें, आणि कार्य नोकरीच्या कडेकडेनें वाढत गेलें, शेताच्या बांधावर झाड वाढावें तसें.

आणि तरीही त्यांचें सर्वांत मोठें काम अजून व्हावयाचें होतें. जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालानें त्यांच्याकडे आली होती. ती त्यांनीं वरवर चाळून बाजूस ठेवून दिली. पुढें १९१५ सालच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. भाषण तयार करावयाचें होतें, विषय सुचत नव्हता, म्हणून ती पुस्तिका त्यांनीं पुन्हां हातीं घेतली. या वेळीं ती त्यांनीं शेवटपर्यंत वाचली. तेव्हां ते सत्तावन वर्षांचे होते व पेन्शनींत निघाले होते. पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, हिंदुस्थानांतील पहिलें महिला विद्यापीठ सुरू झालें. पुस्तिका तीच होती. पहिल्या वेळीं तिनें कांहीं सांगितलें नाहीं, दुसऱ्या वेळीं सांगितलें.

तेथेंही तें थांबलें नाहीं. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं संस्था काढली. १९४४ सालीं, शहाऐंशीव्या वर्षीं, समता संघ काढला. १९५८ सालीं भारतरत्न मिळालें तेव्हां वयाचीं शंभर वर्षें भरलीं होतीं, आणि १९६२ पर्यंत ते हिंगण्याच्या त्याच परिसरांत होते, जेथें पहिल्या झोपडीसाठीं माळ साफ केला तेव्हां त्यांचें वय बेचाळीस होतें.